काकींचा सोमवारचा पंप

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळचं काम : काकींच्या परड्यात औषध मारणं. पाठीवर पंप, हातात नळी, पायांत आमच्या ह्यांचे गमबूट. काकी पडवीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून काठीनं दिशा दाखवत होत्या. "त्या भोकात मार. आगं, देवाला पानी शिंपडल्यागत काय करतीयास, दाबून मार की!" मी दाबून मारत होते. साऱ्या रहिमतपुरात, आणि मला तर वाटतं साऱ्या सातारा जिल्ह्यात, किड्यामुंगीला इतकी घाबरणारी आणि किड्यामुंगीनं जिला इतकं घाबरावं अशी दुसरी बाई झाली नसेल.

काकी म्हणजे ह्यांच्या चुलती, माझ्या चुलत सासूबाई. त्यांचं परडं आणि आमचं परडं यांच्यामध्ये कंबरेएवढी एक भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे माझा चटणीचा डंक, पलीकडे काकी. माणसं मला विचारतात, दिवसभर मिरच्या कुटतेस, त्रास होत नाही का? मी त्यांना सांगते, मिरचीनं माणूस शिंकतो, मरत नाही. मला भीती वाटायची ती भिंतीपलीकडची. वारा पूर्वेकडून सुटला आणि पलीकडून पंपाचा दांडा हलल्याचा कुईं-कुईं आवाज आला, की मी हातातलं काम टाकून दोरीवरचे कपडे ओढायची, पाण्याच्या घागरीवर झाकण ठेवायची आणि खिडक्या लावून घ्यायची. वीस वर्षांत त्या आवाजाला मी जेवढी दचकले, तेवढी सासूबाईंच्या हाकेलाही दचकले नाही.

काकींचं माहेर तासगावकडचं. भावाची द्राक्षबाग. तिकडची पोरगी चालायच्या आधी फवारायला शिकते असं आमचे हे म्हणायचे, आणि काकींकडे बघून ते खरं वाटायचं. दर दिवाळीला भाऊ बहिणीला साडी आणायचा, पण काकींची नजर साडीवर नसायची. "औशद आनलंयस का?" हा पहिला प्रश्न. मग भाऊ बागेतल्या औषधाचा एक कॅन पिशवीतून काढायचा आणि काकींचा चेहरा फुलायचा. एकरावर मारायचं ते जहाल औषध काकी चार खणांच्या घरात मारायच्या. माप म्हणजे टोपण. मुंगीला एक टोपण, झुरळाला दोन, आणि गोम दिसली की त्या मापच सोडून द्यायच्या. दिवसही ठरलेले. सोमवारी परडं, बुधवारी मोरी, शुक्रवारी माळा. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला विचारायच्या, "तुमच्याकडं काय मारत्यात?" लेकासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर सगळे शिक्षण विचारत होते. काकींनी विचारलं, "झुरळाला भितीस का गं?" मुलगी बिचारी खरं बोलली, "लय भिते." मुलीच्या आईचा चेहरा पडला. काकी म्हणाल्या, "झाली पसंत. भिनारीच घर जपती." ती रेखा. तिचा नवरा फौजेत, वर्षातनं एकदा सुट्टीवर येतो. घरात त्या दोघी आणि रेखाची लहान लेक चिमी.

काकींच्या या जपणुकीत तुळस टिकायची नाही. वृंदावनात दर थोड्या दिवसांनी नवं रोप यायचं आणि माना टाकायचं. आमची मांजर एक दिवस भिंतीवरून उतरली आणि गाव सोडून गेली, कोरेगावच्या बाजारात कुणीतरी तिला बघितलं म्हणे. शेवग्यावर मधमाश्यांचं पोळं होतं, ते एका सोमवारी खाली सडा पडून संपलं. त्या वर्षी एक शेंग लागली नाही. काकी झाडाखाली उभ्या राहून म्हणाल्या, "माश्या चांगल्या हुत्या गं. ह्यांना मारायचं न्हवतं." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. पण बुधवारी पंप परत पाठीवर. मी त्यांना मास्क आणि रबरी हातमोजे आणून दिले. आठवड्यानं बघितलं तर मास्क बुजगावण्याच्या तोंडाला आणि हातमोजे म्हशीची धार काढायला. "म्हस लय गार हात लावून घेत न्हाई," काकी म्हणाल्या. स्वतः मात्र नाकाला पदर गुंडाळून, वाऱ्याकडे तोंड करून फवारायच्या. एका फवाऱ्यात भिंत भिजायची, दुसऱ्यात काकी.

त्यांचं नाक गेलं ते असंच. कधी गेलं ते त्यांनाही सांगता आलं नाही. मला कळलं ते डंकावर. लवंगी मिरची कुटायला होती. सगळी आळी शिंकत होती, पलीकडचा शिंपी दुकान बंद करून निघून गेला आणि काकी डंकाच्या शेजारी बसून शांतपणे भाकरी खात होत्या. मी विचारलं, "आवं काकी, नाकाला झोंबत नाही?" त्या म्हणाल्या, "काय झोंबायचंय?" मग ध्यानात आलं की यांच्या घरातलं दूध करपतं तेव्हा रेखाच पळते, काकी चुलीशेजारी बसून असतात. आम्ही हसलो. आळीत काकींच्या नाकाचे विनोद झाले. माणसाचं नाक विषानं जातं आणि आपण हसतो, हे त्या वेळी कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

आता बाटल्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरनं घडलं. काका मिल्ट्रीतले. पेन्शनीत आल्यावर कॅन्टीनची रम घरी यायची. काका गेले, बाटल्या राहिल्या. फौजेतल्या घरात रमची बाटली कुणी टाकत नाही. काच जाड, टोपण घट्ट. काकींच्या घरात सगळंच त्या बाटल्यांत असायचं. रॉकेल, तेल, मध, फिनेल आणि भावाच्या कॅनमधलं औषधही. औषधाची बाटली काकी ठेवायच्या देवघरात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, "देवापुढं विष?" काकींनी मला अडाण्याला समजवावं तसं समजावलं, "पोर माळ्यावर चढतंय, कपाट उघडतंय. देवाला न धुतल्या हातानं कोन शिवत न्हाई. समद्या घरात तेवडीच येक भरोशाची जागा." पण त्याच देवघरात गोमूत्राचीही बाटली, तीही रमचीच. दोन्हींत पिवळसर, तांबूस पाणी. काकींनी खूण ठेवली होती : देवाच्या उजव्या हाताला गोमूत्र, डाव्या हाताला इख. मी म्हटलं, निदान चिठ्ठी चिकटवा. "मला वाचाय कुटं येतंय? आन् देव काय जागा बदलतोय व्हय?" झालं.

एवढी भीती कशाची, असं मी त्यांना एकदा रागानंच विचारलं होतं. मुंगी काय माणूस खाते? काकींनी पंप खाली ठेवला. "मुंगीला कोन भितंय? मुंगी, झुरळं असली की त्येंच्यामागं बेडूक येतंय. बेडकामागं साप. किडंच न्हाईत तर साप कशाला यील?" पुढचं त्यांनी सांगितलं नाही, ते मला सासूबाईंकडून कळलं. काकींची पहिली लेक, नुकती चालायला लागलेली, आईच्या कुशीत सतरंजीवर निजली होती. मण्यार. मण्यारीचा दात लागल्याचं कळत नाही म्हणतात. लेक रडलीसुद्धा नाही. सकाळी काकींनी उठवायला हात लावला. त्यानंतर तासगावच्या भावाकडून पहिला कॅन आला.

मागच्या वर्षी घट बसायच्या तोंडावर भावकीतले एक म्हातारे गेले आणि आम्हा सगळ्यांना सुतक आलं. देवघरावर फडकं पडलं. सुतक फिटलं त्या सकाळी रेखानं घर धुतलं, देवघर रिकामं करून घासलं, देव चिंचेनं उजळले आणि सगळं जागच्या जागी लावलं. चांगली सून आहे, सासूचा शब्द मोडत नाही. उजव्या हाताला गोमूत्र म्हणजे उजव्या हाताला. तिनं तिच्या उजव्या हाताला ठेवलं. देव तिच्यासमोर बसलेले, तिच्याकडे तोंड करून. त्यांचा उजवा हात दुसरीकडे येतो हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिला का दोष द्यायचा, घाईत माझ्याही आलं नसतं.

सुतक फिटलं की आमच्याकडे तांब्यातल्या पाण्यात गोमूत्र घालून घरभर शिंपडतात आणि प्रत्येकानं तळहातावर थेंब घेऊन तोंडाला लावायचा, मग हात डोक्यावरून फिरवायचा. मी तेवढ्यासाठीच गेले होते. उदाच्या धुरानं घर भरलं होतं. काकींनी देवाच्या उजव्या हाताची बाटली घेतली आणि तांब्यात धार धरली. मी उंबऱ्यात उभी होते. पाणी पांढरं झालं. दूध ओतावं तसं, पण काकींचे डोळे मिटलेले, तोंडात देवाचं नाव. काकींनी आधी स्वतःच्या तळव्यावर घेतलं, तोंडाला लावलं, डोक्यावरून हात फिरवला आणि चिमीला म्हणाल्या, "हात कर."

गोमूत्रानं पाणी पांढरं होत नाही. हे माझ्या डोक्यात शब्दांत आलंच नाही, पायांत आलं. मी चिमीला खसकन मागे ओढलं आणि तांब्याला लाथ घातली. देवघरापुढे लाथ. रेखा किंचाळली. काकी म्हणाल्या, "आगं, याड लागलं का?" धुराच्या खालून तो वास माझ्या नाकात शिरला, सोमवारचा वास. मी चिमीचे तळवे उलटेपालटे करून बघितले. कोरडे होते. मी तिला घट्ट धरून परत बघितले.

मग काकींकडे वळले. "काकी, ती इखाची बाटली होती." त्या देवाकडे बघत राहिल्या. "देवाच्या उजव्या हाताची हाय," त्या म्हणाल्या. रेखा भिंतीला टेकली आणि खालीच बसली. "गोमूत्राची मी माज्या उजव्या हाताला ठिवली, आत्या." मग रेखा उठून मिठाचं पाणी करायला धावली, ओकारी काढायला. मी तिचा हात धरला. काही पाजायचं नाही. काकींना मोरीत नेलं, चूळ भरायला लावली, अंगावरचं लुगडं उतरवून डोक्यापासून साबणानं धुतलं. तेवढ्यात ह्यांनी जीप काढली. बाटली मी फडक्यात गुंडाळून बरोबर घेतली, आणि साताऱ्याच्या वाटेवर कोरेगाव येईपर्यंत काकींच्या तोंडाला लाळ सुटली, अंगाला दरदरून घाम फुटला आणि हात थरथरायला लागले. काकींनी माझं मनगट धरलं होतं. माझ्या चुलत सासूबाई कुणाचा हात धरतात हे मी पहिल्यांदा बघत होते. "पोरीनं प्यालं न्हाई न्हवं?" "नाही काकी." जरा वेळानं परत, "पोरीनं प्यालं न्हाई न्हवं?" साताऱ्यापर्यंत तेवढंच.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, तिच्यावरचं उरलंसुरलं चित्र बघितलं आणि काकींकडे बघितलं. "आजी, रम घेतली?" त्या अवस्थेतही काकी तडकल्या, "त्येला मी कवा शिवले बी न्हाई!" डॉक्टरांना औषधाचं नाव हवं होतं. नाव होतं कॅनवर, कॅन होता तासगावच्या बागेत. मी भावाला फोन लावला. वाजून वाजून बंद. परत लावला. छाटणी झालेली, हंगामाची फवारणी चालू, ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरच्या घरघरीत फोन कुणाला ऐकू येतो? बहीण इथे त्या औषधानं घामाघूम, आणि भाऊ तिथे तेच औषध मारण्यात गुंतलेला. मी व्हरांड्यात उभी राहून फोन लावत राहिले. आतून डॉक्टर विचारत होते, "कळलं का?" डॉक्टरांनी लक्षणं बघून सुई टोचली होती, पण नाव कळायला पाहिजे म्हणत होते. मी नवसबिवस करणारी नाही, पण औंधच्या यमाईला मी त्या व्हरांड्यात काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. शेवटी भावानं फोन उचलला. नाव सांगितलं. मग लहान पोरासारखा म्हणाला, "आक्का हाय न्हवं?"

आक्का होती. तिसऱ्या प्रहरी थरथर थांबली. संध्याकाळी सलाइनची नळी लावलेली असताना काकींनी डोळे उघडले, भिंतीकडे बघितलं आणि मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, काही शेवटचं सांगणार. काकी कुजबुजल्या, "झुराळ हाय. पंप आनलायस का?"

घरी आल्यावर मी वेळ घालवला नाही. भावाला बोलावून उरलेलं औषध, कॅन, सगळं त्याच्या पोत्यात भरून परत पाठवलं. गोमूत्र स्टीलच्या डबीत गेलं. पंप सोडा घालून धुतला, वास जाईपर्यंत धुतला. चिमीला उंच खाट केली आणि चारी बाजूंनी मच्छरदाणी खोचली. सर्पमित्राचा नंबर भिंतीवर कोळशानं लिहिला. मला वाटलं, संपलं. पण काकी झोपेनात. बॅटरी घेऊन चिमीच्या खाटेशी बसून राहायच्या. जेवण तुटलं, डोळे खोल गेले. रेखा भिंतीपाशी येऊन रडली, "इखातनं वाचल्या, पन अशा ऱ्हात्यात व्हय?"

म्हणून एका सोमवारी मी पंप पाठीवर घेतला. पाणी भरलं. नुसतं पाणी स्वच्छ दिसेल, काकींना रंग माहीत आहे, म्हणून रेखाकडून चमचाभर दूध घेऊन त्यात घातलं. नाक तर गेलेलंच होतं. "भावानं नवं औशद धाडलंय, साधं हाय," मी सांगितलं. काकींनी खुर्ची पडवीत ओढली, काठी उचलली आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. त्या रात्री त्या झोपल्या. तेव्हापासून दर सोमवारी डंक तासभर बंद ठेवून मी दूधपाणी मारते. वृंदावनातली तुळस माझ्या खांद्याला लागते आता. मुंग्या मात्र लय खूश. काकी म्हणतात, "औशद जरा नरम हाय." मी म्हणते, हो.

तर परवाचा हा सोमवार, तीन तारखेचा. मी मोरीच्या भोकापाशी वाकले होते. मागून काकी म्हणाल्या, "सूनबाय, पंपाला दुदाचा वास येतोय गं."

माझा हात दांड्यावर थांबला. काकी पुढे म्हणाल्या, "म्हशीच्या. गायीचा असा येत न्हाई."

मी वळून बघितलं. त्या काठीनं जमिनीवर रेघा ओढत होत्या. "कवापासनं येतोय?" मी विचारलं. "गौरी-गणपतीपासनं. तू लवंगी कुटत हुतीस, मला शिंक आली. येकलीच बसून लय शिंकले. ग्वाड वाटलं." "मग बोलला का नाही?" "बोलले असते तर तू मारायची बंद झाली असतीस." मी म्हटलं, "आवं काकी, दुधानं काय मरतंय?" काकींनी रेघा पुसल्या. "मरू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे. तू कोपरं बघतीस. त्या राती मी सतरंजी झटकली न्हवती."

लेकीबद्दल त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. मी राहिलेला पंप संपवला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गमबूट घातले, जाड हातमोजे घातले आणि काकींच्या परड्यातला विटांचा ढीग हलवायला घेतला. काकांनी न्हाणीघर बांधायला आणलेल्या विटा. इतकी वर्षं काकींनी त्यांना कुणाचा हात लागू दिला नव्हता. "दिसत न्हाई तवर हाय तसं ऱ्हाऊ दे," म्हणायच्या. त्या दिवशी खुर्ची ओढून बघत बसल्या. मी लांब दांड्याच्या खोऱ्यानं एकेक थर ओढत गेले. गोगलगायी निघाल्या, गोमी निघाल्या. सगळ्यात खालच्या थरात, भिंतीच्या भेगेपाशी, सापाची कात होती. पातळ, लांब, अंगावर मण्यारीच्या असतात तशा आडव्या पट्ट्यांच्या खुणा. जुनी की यंदाची, ते मला कळलं नाही. भेगेत बॅटरी मारली, आत काही नव्हतं. मी खोऱ्यावरच कात उचलली आणि बाजूला बंब पेटलेला होता त्यात टाकली. "काय घावलं गं?" पडवीतून काकींनी विचारलं. "काही नाही. गोगलगायी."

केस जळल्यासारखा वास सुटला. काकींनी नाक वर केलं. बंबाकडे बघितलं, मग माझ्याकडे. चिमीला हाक मारून मांडीवर घेतलं.

मी भेग सिमेंटनं बुजवली, वरून थापी फिरवली. मग रेखाकडून चमचाभर दूध मागून घेतलं आणि पंप भरला. सोमवार नव्हता. त्या कोपऱ्यात दाबून मारलं. परतले, चार पावलं आले, आणि मागे जाऊन पुन्हा एकदा मारलं.